स्टॅन्लीची शिबंदी : फॉकलंड बेटांवरील आठ दिवस

शनिवार, ६ डिसेंबर

चिलीतल्या सँतियागोहून निघालेले विमान पुंता अरेनासला थांबा घेऊन दुपारी माउंट प्लेझंटच्या लष्करी तळावर उतरले. दक्षिण अमेरिकेहून येणारे हे विमान आठवड्यातून एकदाच, शनिवारी येते. त्यामुळे आलेल्या माणसाला पुढच्या शनिवारपर्यंत राहणे भाग असते, आणि माझ्या कामाला तेवढेच दिवस हवे होते.

माझे काम म्हणजे फॉकलंड बेटांच्या स्वयंसेवक दलाचा इतिहास प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणे. साताऱ्याच्या बाईने त्यासाठी दक्षिण अटलांटिकपर्यंत का यावे, असे घरच्यांनीही विचारले होते. माझे वडील पोस्टात नोकरी करीत आणि होमगार्डमध्ये होते. गणपतीत, निवडणुकीत, नदीला पूर आला की ते खाकी गणवेश चढवून बाहेर पडत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कचेरीत हजर होत. मुंबईत होमगार्डची स्थापना झाली तो दिवसही ६ डिसेंबरच होता, साल १९४६. फौजेतल्या सैनिकाचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. पण नोकरी-धंदा सांभाळून पहाऱ्याला उभ्या राहणाऱ्या माणसाचा इतिहास लिहिण्याचे कष्ट फारसे कोणी घेतलेले नाहीत. जेथे अशा माणसांवाचून बराच काळ दुसरे कोणी नव्हतेच, अशी जागा मी शोधत होते आणि ती मला येथे सापडली.

तळापासून स्टॅन्ली सुमारे ५६ किलोमीटर आहे. वाटेत झाड म्हणून दिसत नाही. पिवळसर गवत, काळी पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची जमीन, मेंढ्या आणि डोंगरउतारावरून नदीसारखे खाली आलेले दगडांचे ओघ एवढेच डोळ्यांसमोर राहते. स्टॅन्लीबाहेरच्या साऱ्या मुलखाला येथील लोक ‘कँप’ म्हणतात. त्याचे मूळ छावणीत नसून शेतशिवार या अर्थाच्या ‘काम्पो’ या स्पॅनिश शब्दात आहे. गुराखी स्पॅनिश बोलत होते तेव्हापासून हा शब्द राहिला आहे. या बेटांना अर्जेंटिना माल्विनास म्हणतो. ३ जानेवारी १८३३ रोजी एका ब्रिटिश युद्धनौकेने येथील अर्जेंटिनाची लहानशी शिबंदी निघून जाण्यास भाग पाडले, तेव्हापासूनचा हा वाद आजही मिटलेला नाही, आणि स्वयंसेवक दलाच्या इतिहासाचे प्रत्येक पान त्या वादाच्या छायेतच लिहिले गेले आहे.

रविवार, ७ डिसेंबर

सकाळी क्राइस्ट चर्च कॅथीड्रलमध्ये गेले. बाहेर निळ्या देवमाशांच्या जबड्यांची प्रसिद्ध कमान आहे आणि प्रवासी तिच्यापाशीच थांबतात. मला मात्र या इमारतीचे साल महत्त्वाचे वाटले. १८८६ मध्ये डोंगरावरची पीट घसरून गावात आली आणि जुने चर्च मोडले. त्या जागी उभ्या राहिलेल्या या कॅथीड्रलचे समर्पण १८९२ मध्ये झाले. स्वयंसेवक दलाचे सालही तेच. गावाला स्वतःचे कॅथीड्रल आणि स्वतःची शिबंदी एकाच वर्षी मिळाली.

त्यापूर्वीची पन्नास वर्षे समजून घ्यायची तर पायोनियर रोवर जावे लागते. १८४२ मध्ये रिचर्ड मूडी हा तरुण अधिकारी सॅपर्स आणि मायनर्सची, म्हणजे बांधकाम करणाऱ्या सैनिकांची एक छोटी तुकडी घेऊन येथे आला आणि त्याच्या कारकिर्दीत राजधानी पोर्ट लुईहून या खाडीवर हलली. १८४९ मध्ये ब्रिटिश सरकारने ३० विवाहित चेल्सी पेन्शनर, म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले शिपाई, कुटुंबांसह येथे वसवले. त्यांनी जमीन कसावी, गाव वाढवावे आणि गरज पडली तर बंदूक उचलावी, असा बेत होता. त्यांच्यासाठी इंग्लंडहून सुटे भाग जहाजाने आणून घरे जोडण्यात आली. त्यांतील काही घरे या रस्त्यावर उभी आहेत आणि एक संग्रहालय म्हणून जपले आहे. खोल्या इतक्या लहान आहेत की चार माणसे एकावेळी उभी राहिली तर हालचाल करता येत नाही.

ही योजना आपल्या वाचकाला नवी वाटणार नाही. गडाच्या पायथ्याला वतन देऊन माणसे वसवायची, त्यांनी शेती करायची आणि मेटांवर पहारा द्यायचा, ही आपल्याकडची रीत होती. फरक एवढाच की आपल्या गडकऱ्यांना आणि मेटकऱ्यांना तो डोंगर पिढ्यान्‌पिढ्यांचा ठाऊक असे, आणि पेन्शनरांना येथले वारेही परके होते. थकलेल्या शिपायांकडून शेती झाली नाही. १८५८ मध्ये त्यांच्या जागी विवाहित रॉयल मरीन, म्हणजे आरमाराच्या पायदळातील सैनिकांची ‘गॅरिसन कंपनी’ आली आणि १८७८ मध्ये खर्च वाचवण्यासाठी तीही मोडण्यात आली. त्यानंतर चौदा वर्षे या बेटांवर कायमची शिबंदी अशी नव्हतीच.

गावकऱ्यांना याची जाणीव झाली ती १८९१ मध्ये. चिलीत यादवी सुरू होती आणि सशस्त्र माणसे घेऊन आलेले एक चिली जहाज स्टॅन्लीजवळ दिसले. काही अनर्थ झाला नाही, परंतु झाला असता तर अडवायला कोणीही नाही, हे सर्वांना कळून चुकले. गव्हर्नर रॉजर गोल्ड्सवर्दी यांच्या कारकिर्दीत, जून १८९२ मध्ये गव्हर्न्मेंट हाउससमोर ‘फॉकलंड आयलंड्स व्हॉलंटिअर्स’च्या पहिल्या शिलेदारांनी शपथ घेतली.

संध्याकाळी त्या वाड्यासमोरून चालताना माझ्या मनात सारखी एक तुलना येत होती आणि ती येथे लिहिणे मला आवश्यक वाटते. त्याच काळात हिंदुस्थानातही स्वयंसेवक पथके होती; मात्र ती गोऱ्यांची होती. १८७८ च्या शस्त्र कायद्याने आपल्या माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरवले होते आणि गोऱ्यांना त्यातून सूट होती. १८८६ च्या कलकत्ता अधिवेशनात राष्ट्रीय सभेने हिंदी लोकांना स्वयंसेवक पथकांत घ्यावे अशी मागणी केली. सरकारने ती मान्य केली नाही. स्टॅन्लीच्या सुताराला, खाटकाला आणि गोदीतल्या कामगाराला ज्या साम्राज्याने शपथ देऊन रायफल दिली, त्याच साम्राज्याने पुण्याच्या वकिलावर तेवढा विश्वास टाकला नाही. या बेटांवर जिंकलेली अशी प्रजा नव्हती, येथले सारे रहिवासी बाहेरून येऊन वसलेले होते, म्हणूनच येथे वसाहतीच्या लोकांना शस्त्रे देणे सरकारला सोपे गेले, असे मला वाटते. स्वयंसेवकांच्या निष्ठेचा गौरव वाचताना ही गोष्ट विसरता येत नाही.

सोमवार, ८ डिसेंबर

आज येथे सुट्टी असते. १९१४ च्या नाविक लढाईचा हा दिवस. कॅथीड्रलमधील प्रार्थनेनंतर रॉस रोडवरच्या १९२७ च्या स्मारकासमोर संचलन झाले. तळावरचे सैनिक होते, खलाशी होते आणि त्यांच्या शेजारी स्वयंसेवक दलाची रांग होती. त्या रांगेत तरुण होते तसे पन्नाशीकडे झुकलेलेही होते आणि स्त्रियाही होत्या. फौजेच्या रांगा एकसारख्या उंचीच्या, एकसारख्या वयाच्या दिसतात. ही रांग मात्र गावासारखी होती. वाऱ्याने पुष्पचक्रे उडू नयेत म्हणून माणसे ती हातांनी दाबून धरत होती.

या दिवसाची हकीकत बहुतेक पुस्तकांत दोन आरमारांची म्हणून येते. मला ती गावाच्या बाजूने सांगायची आहे.

१ नोव्हेंबर १९१४ रोजी चिलीच्या किनाऱ्याजवळ कोरोनेल येथे जर्मन ॲडमिरल फॉन श्पे याने ‘गुड होप’ आणि ‘मॉनमथ’ ही दोन ब्रिटिश जहाजे सर्व खलाशांसह बुडवली. पुढे तो केप हॉर्नला वळसा घालून कोठे येणार हे उघड होते, कारण स्टॅन्लीत कोळशाचा साठा होता आणि बिनतारी संदेशाचे केंद्र होते. गव्हर्नर विल्यम ॲलार्डाइस यांनी बायका-मुलांना कँपातल्या मेंढीफार्मांवर हलवण्यास सांगितले. ‘कॅनोपस’ हे जुने, संथ युद्धजहाज खाडीच्या चिखलात मुद्दाम रुतवून त्याची किल्ल्यासारखी तोफमाची केली गेली, आणि जहाजावरून शत्रू दिसत नसल्यामुळे किनाऱ्यावरच्या टेहळणी ठाण्यापासून जहाजापर्यंत टेलिफोनची तार ओढली गेली. बाकी जमिनीवरचा पहारा काही मरीन सैनिकांवर आणि स्वयंसेवकांवर आला. नोव्हेंबरचा तो सबंध महिना या माणसांनी कसा काढला असेल, याची मी दिवसभर कल्पना करीत होते. बायको-मुले दूर गेलेली, दुकान अर्धे बंद, आणि समोर जी दोन मोठी जर्मन जहाजे येण्याची शक्यता होती त्यांच्या तोफांपुढे रायफलीची मातब्बरी काहीच नव्हती.

ब्रिटिश ॲडमिरल स्टर्डीचा बलाढ्य ताफा आला तो ७ डिसेंबरला, म्हणजे लढाईच्या केवळ आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास सॅपर हिलवरच्या टेहळणीदाराला नैर्ऋत्येकडे धूर दिसला. ‘ग्नायझेनाउ’ आणि ‘न्यूर्नबर्ग’ पुढे येत होत्या. माणसे उतरवून केंद्र उद्ध्वस्त करावे, कोळसा जाळावा आणि गव्हर्नरला कैद करावे, असा त्यांचा बेत होता. ‘कॅनोपस’ने टेकडीपलीकडे न दिसणाऱ्या शत्रूवर टेलिफोनवरच्या सूचनांनुसार गोळे टाकले आणि जर्मन जहाजे वळली. रात्रीपर्यंत चार जर्मन युद्धजहाजे बुडाली होती. अठराशेहून अधिक जर्मन खलाशी आणि त्यांच्यात फॉन श्पे व त्याचे दोन मुलगे मरण पावले. ब्रिटिशांचे दहा जण गेले.

दुपारी मी सॅपर हिलवर चढले. टेकडी उंच नाही, परंतु वारा उभे राहू देत नाही. वरून खाडी, गावाची रंगीत छपरे आणि दक्षिणेचा मोकळा समुद्र एकाच वेळी दिसतो. स्टर्डी चोवीस तास उशिरा पोहोचला असता तर त्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या जर्मन तुकडीसमोर कोण उभे राहणार होते, हे येथे उभे राहिल्यावर कोणी सांगावे लागत नाही. स्वयंसेवकांवर त्या दिवशी गोळी झाडण्याची वेळ आली नाही. त्यानंतर मात्र १९१८ च्या युद्धविरामापर्यंत, जवळजवळ चार वर्षे, ते याच ठाण्यांवर पाळीने पहारा देत राहिले, आणि या चार वर्षांचे स्मारक मला गावात कोठे दिसले नाही.

मंगळवार, ९ डिसेंबर

सकाळ जेन कॅमरून राष्ट्रीय अभिलेखागारात गेली. येथील कर्मचाऱ्यांनी मागितलेले सर्व काही विलक्षण आस्थेने काढून दिले. जुने राजपत्र आणि कागद चाळताना जाणवते ते कारकुनी काटेकोरपण : हजेरी, कवायतीचे वार, निशाणबाजीचे निकाल. वडिलांच्या ट्रंकेतल्या होमगार्डच्या कागदांतही नेमक्या याच गोष्टी होत्या.

पहिल्या महायुद्धानंतर दलाचे नाव बदलून ‘फॉकलंड आयलंड्स डिफेन्स फोर्स’ झाले आणि आजही तेच चालते. सप्टेंबर १९३९ मध्ये त्यांना पुन्हा बोलावणे आले. त्याच डिसेंबरात रिव्हर प्लेटच्या लढाईत छिन्नविच्छिन्न झालेले ‘एक्सेटर’ हे ब्रिटिश जहाज स्टॅन्लीला येऊन लागले आणि त्यावरचे जखमी गावाच्या छोट्या इस्पितळात आणले गेले. १९४२ मध्ये जपान्यांच्या स्वारीच्या भीतीने वेस्ट यॉर्कशायर रेजिमेंटची एक सबंध पलटण येथे आली. सुमारे २३०० वस्तीच्या बेटांवर एकदम इतके सैनिक आले की घराघरांत पाहुणे झाले. जपानी आले नाहीत. या बेटांवरून दीडशेहून अधिक जण मात्र ब्रिटिश सैन्यदलांत भरती होऊन दूरच्या रणांगणांवर गेले.

दुपारी जिप्सी कोव्हजवळच्या ऑर्डनन्स पॉइंटवर महायुद्धकाळातली तोफ पाहिली. ती गंजली आहे आणि तिच्याभोवतीच्या बिळांतून मॅगेलॅनिक पेंग्विन ये-जा करतात. शेजारचा यॉर्क बेचा पांढरा किनारा १९८२ च्या अर्जेंटिनाबरोबरच्या युद्धातल्या सुरुंगांमुळे अनेक वर्षे बंद होता. नोव्हेंबर २०२० मध्ये बेटे सुरुंगमुक्त झाल्याचे जाहीर झाले आणि आता लहान मुले तेथे अनवाणी धावतात.

बुधवार, १० डिसेंबर

आज घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर गेले. नाताळाच्या दुसऱ्या दिवशी येथे शर्यती भरतात आणि त्यासाठी कुंपणाला रंग देणे चालू होते. २८ सप्टेंबर १९६६ रोजी या गवतावर अर्जेंटिनाचे चार इंजिनांचे डीसी-४ प्रवासी विमान येऊन उतरले. बेटांवर त्या वेळी धावपट्टी नव्हती. विमान संकटात सापडले असावे असे समजून गावकरी मदतीला धावले. प्रत्यक्षात ब्युनोस आयर्सहून रिओ गायेगोसला निघालेले ते विमान १८ सशस्त्र अर्जेंटिनी राष्ट्रवाद्यांनी पळवून आणले होते. त्यांत एक स्त्री होती. मदतीला गेलेल्यांपैकी काहींना त्यांनी ओलीस धरले आणि आपला ध्वज उभारला.

बेटांवर त्या वेळी मूठभरच मरीन सैनिक होते आणि गव्हर्नर रजेवर होते. विमानाला वेढा घातला तो त्या मरीन सैनिकांनी आणि स्वयंसेवक दलाने. वेढा घालणाऱ्यांनी गोळीबार केला नाही. विमानात पंचवीसहून अधिक निरपराध प्रवासी आहेत हे त्यांना ठाऊक होते, आणि ओलीस धरलेले तर त्यांचे शेजारीच होते. थंडी, वारा आणि पाऊस यांत रात्र काढून ते जागचे हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कॅथलिक धर्मगुरूंच्या मध्यस्थीने अपहरणकर्त्यांनी हत्यारे खाली ठेवली. त्यांना चर्चच्या सभागृहात ठेवून नंतर अर्जेंटिनाच्या जहाजावर पाठवण्यात आले. कोणाचाही जीव गेला नाही.

मी ज्या घरी उतरले आहे तेथील वृद्ध गृहस्थ त्या काळात तरुण होते. त्यांना आठवते ती रात्रीची थंडी, आणि पहाटे कोणीतरी किटलीत आणलेला चहा. त्यांच्या मते या दलाने केलेले सर्वांत चांगले काम तेच. मलाही तसेच वाटते. हातात भरलेली रायफल असताना ती न झाडता रात्रभर उभे राहणे नेहमीच्या कवायतीत शिकवले जात नाही, आणि गावातल्या माणसाला ते जमते याचे कारण समोरच्या विमानातल्या ओलिसांना तो नावाने ओळखत असतो.

गुरुवार, ११ डिसेंबर

दिवसभर पाऊस. दलाच्या मुख्यालयात थोडा वेळ जाता आले आणि बाकीचा दिवस हिस्टॉरिक डॉकयार्ड संग्रहालयात १९८२ च्या दालनात गेला.

१ एप्रिल १९८२ च्या रात्री गव्हर्नर रेक्स हंट यांनी नभोवाणीवरून अर्जेंटिनाची स्वारी येत असल्याचे सांगितले आणि स्वयंसेवकांना कवायतीच्या सभागृहात बोलावले. आलेली माणसे चाळीसही नव्हती. त्यांना टेलिफोन केंद्र, नभोवाणी केंद्र आणि वीजघर यांवर पहाऱ्याला पाठवले गेले. केप पेम्ब्रोकच्या दीपस्तंभाचा दिवा त्या रात्री विझवण्यात आला, आणि किनारी वाहतुकीचे ‘फॉरेस्ट’ हे छोटे जहाज आपल्या रडारवर समुद्र पाहत राहिले. सकाळी मुख्य लढत गव्हर्न्मेंट हाउसभोवती मरीन सैनिकांनी दिली. शत्रू संख्येने कितीतरी अधिक होता आणि हंट यांना शरण जाण्याचा हुकूम द्यावा लागला. अर्जेंटिनाच्या लष्कराने स्वयंसेवक दल बेकायदा ठरवले आणि त्याची हत्यारे व सामान काढून घेतले.

त्या रात्री आणखी माणसे का आली नाहीत, असा प्रश्न काही लेखक विचारतात. मला तो अन्यायाचा वाटतो. ज्यांच्या घरात लहान मुले होती आणि ज्यांना मैलोगणती कँपातून यायचे होते, त्यांची मोजदाद टीकेसाठी करू नये. गणवेश उतरल्यावरही कित्येकांचे काम थांबले नाही. माजी पोलीसप्रमुख टेरी पेक यांनी गटाराच्या नळकांड्यात दूरदर्शी भिंग लपवून अर्जेंटिनाच्या ठाण्यांची छायाचित्रे घेतली, पुढे मोटरसायकलवरून गावाबाहेर निसटून ते ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटला मिळाले आणि माउंट लाँगडनच्या लढाईत वाटाड्या म्हणून गेले. कँपातल्या स्त्री-पुरुषांनी रात्रीच्या काळोखात दिवे न लावता लँडरोव्हर आणि ट्रॅक्टरवरून दारूगोळा पोहोचवला. हे नोंदीतले दल नव्हते, पण जी माणसे मी पाच दिवस कागदांत शोधत होते ती हीच.

शुक्रवार, १२ डिसेंबर

बेटांच्या सरकारी सेवेतल्या लाल रंगाच्या लहान विमानाने वेस्ट फॉकलंडवरील फॉक्स बेला गेले. वजन समतोल राहावे म्हणून वैमानिक प्रत्येकाला कोठे बसायचे ते सांगतो. फॉक्स बे म्हणजे खाडीच्या दोन बाजूंना विखुरलेली थोडी घरे. दलातील काही जणांना आणि अर्जेंटिनाच्या अधिकाऱ्यांना धोकादायक वाटलेल्या इतर रहिवाशांना १९८२ मध्ये पूर्वेकडच्या वस्तीत नजरकैदेत ठेवले होते. आसपास अर्जेंटिनाची मोठी शिबंदी होती आणि तिच्यावर ब्रिटिश युद्धनौका समुद्रातून तोफा डागत. म्हणजे सुटकेसाठी आलेल्या आपल्याच आरमाराच्या गोळ्यांपासून जीव वाचवत या माणसांना १४ जूनची, म्हणजे अर्जेंटिनाच्या शरणागतीची वाट पाहावी लागली. घराच्या जमिनीखालच्या पोकळीत माती आणि पेट्या रचून आडोसा कसा करीत, हे मला तेथल्या एका बाईंनी हात करून दाखवले. नंतर त्यांनी चहा आणि बेटावरच्या लाल डिडल-डी बोरांचा मुरंबा दिला, आणि परतीचे विमान येईपर्यंत आम्ही मेंढ्यांच्या लोकरीच्या भावाबद्दल बोलत बसलो.

शनिवार, १३ डिसेंबर

तळाकडे नेणारा गाडीचालक हा दलातलाच निघाला. १९८३ मध्ये दल पुन्हा उभे राहिले. आज त्याचा खर्च बेटांचे स्वतःचे सरकार करते, आणि तो पैसा मुख्यतः मासेमारीच्या परवान्यांतून येतो. बेटांभोवतीच्या सागरी हद्दीची राखण करणाऱ्या गस्ती जहाजावर तोफ चालवण्यासाठी स्वयंसेवक जातात, आणि तोही आठवड्यापूर्वी अशाच फेरीवरून परतला होता. उरलेले दिवस गाडी, आणि एका संध्याकाळी कवायत.

माझे वडील होमगार्डमध्ये होते हे मी सांगितल्यावर त्याने बराच वेळ प्रश्न विचारले. गणवेश स्वतःचा असे का, मालक सुट्टी देत असे का, रात्रपाळीनंतर सकाळी नोकरीवर जावे लागे का. शेवटी त्याने विचारले की पहाऱ्याच्या दिवसाचे पैसे मिळत का. मी सांगितले की दिवसाप्रमाणे भत्ता मिळे, फार नसे, आणि तो कित्येकदा उशिरा येई. तो म्हणाला की आमचाही दिवसाप्रमाणेच मिळतो, आणि मग वळणावर गाडी सावकाश घेऊन त्याने मला डाव्या हाताला दूरवर दिसणारी आपल्या पाळीची टेकडी दाखवली.